देवाचं दूध

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि त्यात हृदयाची एक झडप अरुंद झाली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट; तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता, सणसरला, माझ्या माहेरी, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. मी लग्न होऊन बारामतीत आलेली, तरी त्याच्या आजाराची वही माझ्याकडे होती. गोळी, वेळ, नाडीचे ठोके, मीठ, चढ चढताना लागलेला दम, असे रकाने आखले होते. तो दर रविवारी येई आणि मी आठवडा विचारून भरून घेई. सांगायला हरकत नाही, त्या वहीचा मला अभिमान होता.

त्या वर्षी महाशिवरात्रीला मी माहेरी होते. गावच्या महादेवापुढे भांगेची थंडाई करायचा मान आमच्या तात्यांचा, म्हणजे वडिलांचा. पाट्यावर भांग तेच वाटत. आमच्या घरात बिडीसुद्धा कुणी ओढत नसे, पण ही थंडाई म्हणजे देवाचं दूध. तिला कुणी नशा म्हणत नसे, मीही नाही. भावाने दोन पेले घेतले. मी वहीत लिहिलं : उपवास, साबुदाणा, दूध दोन पेले.

तासाभराने त्याला धाप लागली. आडवं होता येईना, ओठ निळसर झाले. मी नाडी धरली तर मोजता येईना. शेजाऱ्यांच्या जीपमधून त्याला बारामतीच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी तोंडावर ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि माझ्या हातातली वही मागितली. पान वाचून म्हणाले, "सगळ्या गोळ्या वेळेवर. तरी ठोके इतके? मग डोस कमी पडतोय, वाढवावा लागेल. काही नशा वगैरे?"

"न्हाय साहेब," तात्या म्हणाले. "आमच्यात चालत न्हाय."

मी तात्यांकडे बघितलं, मग वहीकडे. बोलले मात्र नाही. तात्यांना परक्या माणसासमोर खोटं पाडायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही.

भावाने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "तात्या, भांग व्हती." दोन श्वास घेतले. "दोन पेलं. अक्काच्या वहीतलं दूध ते हेच."

तात्या म्हणाले, "अरं, परसाद व्हता तो."

"व्हय. पर साहेबास्नी ठावं पायजे."

डॉक्टर रागावले नाहीत. डोस वाढवण्याचं त्यांनी तिथंच थांबवलं. भांगेने ठोके वाढतात, रक्तदाब खाली जाऊ शकतो. धडधाकट माणसाला ते निभावतं. पण झडप अरुंद असली की भराभर ठोक्यांत रक्त पुढे सरकायला वेळच मिळत नाही, ते मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. "गांजा ओढला तरी हेच," ते म्हणाले. "आणि मला कळलं नसतं, तर चुकीच्या समजुतीवर मी चुकीचं औषध वाढवलं असतं."

मग त्यांनी विचारलं, भांग किती होती? वाटलेली भांग किती, दूध किती, सगळं प्रमाण तात्यांनी नीट सांगितलं.

भाऊ पाचव्या दिवशी घरी आला. पुढे पुण्यात रक्तवाहिनीतून फुगा नेऊन त्याची झडप रुंद केली. वहीत मी नवा रकाना आखला : बाहेर काय घेतलं, प्रसादासकट.

पुढच्या महाशिवरात्रीला तात्यांनी दोन पातेली मांडली, एक भांगेचं, एक साध्या दुधाचं. भावाने साधा पेला उचलला तसा त्याचा दोस्त म्हणाला, "काय रं, बाळंतिणीवानी साधं दूध पितूस व्हय?"

"तुझी झडप दे काढून, मग तुझ्या पेल्यातलं पितू," भाऊ म्हणाला.

एक म्हातारबा मात्र तात्यांवर घसरले. "तात्या, सोताच्या पोराला देवाचा परसाद न्हाय?"

तात्या पळीने दूध ढवळत म्हणाले, "त्यानं मला दवाखान्यात खोटं पाडलं, म्हणून जिता हाय." आवाज मुद्दाम मोठा होता.

त्या दुपारी बीपीच्या गोळ्या खाणारे दोघे गुमान साध्या दुधाच्या पातेल्याकडे आले.