अब्बांचा रोजा, माझा गजर

मंडळी, तुम्हाला विचारायचं म्हणून लिहितेय.

माझ्या अब्बांना डायबेटिस आहे, पण डॉक्टरांनी नको सांगूनही रोजे चुकवत नाहीत. आज दुपारी आमच्या बोळिंजच्या घरात ते घामाने निथळत भिंतीला टेकले. मी साखर तपासायचं मशीन काढलं, तर त्यांनी बोटं मुठीत दडवली. "रक्त निघालं की रोजा गेला!"

मौलानांना फोन लावला. ते म्हणाले, "तपासा. साखर उतरली असेल तर रोजा लगेच सोडा."

अब्बा म्हणाले, "डॉक्टर तुझा, मौलानापण तुझा. रोजा माझाय."

त्यांची जीभ अडखळायला लागली, तेव्हा मी जबरदस्तीने साखरपाणी पाजलं. सावरल्यावर ते लहान पोरासारखे रडले. मग म्हणाले, "उद्या पहाटे सहरी खायला उठव."

नाही उठवलं, तर तसेच उपाशीपोटी रोजा धरतील. सांगा, गजर लावू की नको?