साहेबांच्या मापाची बंदूक

“व्हॉल्व्ह घेताना कंपनीची चौकशी करतोस ना? तशीच याची कर,” म्हणत जासिमसाहेबांनी एक चकचकीत कॅटलॉग माझ्या टेबलावर ठेवला. आत सगळ्या बंदुका.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा वसईचा, आखाती बेटावरच्या मनामा शहरात एका ट्रेडिंग कंपनीत परचेस बघायचो. पंप, व्हॉल्व्ह, एसीचे पार्ट. बंदूक मी पाहिलेली ती बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर. कंपनीचे मालक जासिमसाहेब मात्र दर हिवाळ्यात थोरल्या भावाबरोबर परदेशी शिकारीला जायचे. आता त्यांना कस्टम बंदूक हवी होती. म्हणजे शिंपी कोट शिवतो तशी. कारागीर तुमच्या खांद्याचं, हाताचं माप घेतो आणि त्या मापाचा, खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता घडवतो. हा कॅटलॉगवाला इंग्लंडमधला, फार नावाजलेला.

त्याच्या एजंटने जुन्या गिऱ्हाइकांची नावं आनंदाने दिली. मी एकेकाला फोन लावला. सगळे भरभरून बोलले. अक्रोडाचं लाकूड काय, कोरीवकाम काय, चामड्याची पेटी काय! मग मी पंपाबद्दल विचारतो तेच विचारलं, चालते कशी? एक जण म्हणाला, ती बैठकीत भिंतीवर असते. दुसऱ्याला प्रश्नच अपमानाचा वाटला. बार कोणी काढलाच नव्हता.

एजंटने दिलेल्या नावांवर परचेसवाल्याने थांबायचं नसतं. तक्रार असलेलं गिऱ्हाईक शोधायचं. आमचे इब्राहिमभाई रत्नागिरीचे, ऑफिसची व्हिसाची कामं बघायचे आणि अख्खं बेट ओळखायचे. त्यांनी मला अराद गावात एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याकडे नेलं. त्यांच्याकडे याच कारागिराची बंदूक होती आणि त्यांनी ती खरोखर वापरली होती. मधोमध उघडून काडतूस भरलं आणि नुसती मिटवली, चापाला बोटही लागलं नव्हतं, तोच बार उडाला आणि मेव्हण्याच्या पायाशी वाळूत घुसला. मेव्हणा अजून त्यांच्याशी बोलत नव्हता. बंदूक दुरुस्तीला गेली, बऱ्याच महिन्यांनी परत आली. दोष तसाच. वर एक ससाणा फुकट कोरून दिलेला.

“पण माणसं फार सभ्य,” ते कौतुकाने म्हणाले.

परतीला इब्राहिमभाईंनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, “शिकारीत साहेबांचा भाऊ बाजूलाच उभा ऱ्हातो ना रे?”

दुसऱ्या दिवशी मी एका फारसं नाव नसलेल्या कारागिराला टेलेक्स केला. तुमच्यावर नाराज असलेल्या गिऱ्हाइकाचं नाव कळवा. त्याने कळवलं. त्या गृहस्थाने फोनवर कारागिराचा उद्धारच केला. माणूस उद्धट, वेळ पाळत नाही, नक्षीच्या नावाने शून्य. मी विचारलं, पुढची बंदूक कोणाकडून घेतलीत? त्याच्याकडूनच, तो चिडून म्हणाला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नावाजलेल्या बंदुकीबद्दल त्यांनी मित्रांना आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे चेहरा पडला.

“शिव्या देणाराच पुन्हा त्याच्याकडे गेला?”

“होय साहेब.”

“खलास, ठरलं. त्याचीच मागव.”

बंदूक आली, ठरल्यापेक्षा उशिरा. साधी, काळपट, जवळजवळ कुरूप. पाहुण्यांनी ती हातात घेतली आणि लगेच परत ठेवली. आमच्या परचेसवाल्याची पसंती, असं साहेब प्रत्येकाला सांगू लागले.

हिवाळ्यात दोघे भाऊ शिकारीला गेले आणि धडधाकट परत आले. इब्राहिमभाईंनी “अल्हम्दुलिल्लाह” म्हटलं. साहेबांना मात्र एकही पक्षी मिळाला नव्हता. बंदूक एकदाही अडली नव्हती, दस्ता खांद्यावर अचूक बसत होता, चाप ओढला की बार उडत होता. त्यामुळे नेम का चुकला याला काही सबबच उरली नव्हती. पुढचे कित्येक आठवडे साहेब माझ्याशी तुटक बोलत.

तेव्हापासून मी साहेबलोकांसाठी काही घ्यायचं असलं की माल पक्का पारखून घेतो, पण एखादा निरुपद्रवी दोष त्यात राहू देतो.