मिरूजिया कोएमनचे फोन

विलेमस्टाड या बेटावरच्या शहरात, बंदराजवळ, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर मिरूजिया कोएमन एका कंपनीत नोकरी करायची. कंपनी इंटरनेटवर जुगार चालवायची आणि मिरूजियाचं काम त्याला लगाम घालायचं. कुणी ठरल्या मर्यादेपलीकडे हरलं की तिच्या पडद्यावर ते नाव लाल व्हायचं. मग तिनं फोन करायचा, पैसा कुठून आणला, झेपतंय का, हे विचारायचं आणि उत्तरं लिहून ठेवायची. काळा पैसा तिथं धुतला जाऊ नये, माणूसही धुऊन निघू नये, म्हणून सरकारनं हे बंधन घातलेलं. तिचा आवाज तर असा, की डॉक्टरांनी वाईट बातमी सांगायला तिलाच पाठवावं.

शेजारच्या बोनेर बेटावर, रिंकॉन गावात, नेमेसिओ विंकलार राहायचा. वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, मुलगा हॉलंडला. त्याचं नाव पहिल्यांदा लाल झालं तेव्हा मिरूजियानं विचारलं, "काका, पैसा कुठला? मला लिहावं लागतं."

"मिठागराचा. अठराव्या वर्षी फावडं हातात घेतलं. सगळं लिहितेस?"

"लिहिते."

"मग सावकाश सांगतो. मिठाच्या पाण्यानं पायाला भेगा पडायच्या. बायको बकरीची चरबी लावायची आणि शिव्या घालायची. शिव्या नको लिहूस."

मिरूजिया हसली. फोन पाऊण तास चालला.

पुढे दर पंधरवड्याला त्याचं नाव लाल होऊ लागलं. कधी बकऱ्या विकल्या, कधी होडी, एकदा बायकोची कानातली. प्रत्येक वस्तूची त्याच्याकडे गोष्ट होती. होडी कुणाबरोबर बांधली, कानातली कुठल्या वर्षी घेतली, सगळं. मिरूजिया समजावायची, तो हो हो म्हणायचा. तिनं तीनदा शेरा मारला की यांचं खातं बंद करावं. साहेब रुडसेलनं तिन्ही वेळा लिहिलं, 'ग्राहकाशी बोलणं झालं आहे, लक्ष आहे.'

वर्षाअखेरीस रुडसेलनं मालकांसमोर भिंतीवर एक आलेख दाखवला.

"ज्यांना फोन जात नाही, ते हरले की चिडून निघून जातात," तो म्हणाला. "मिरूजियाबाईंचा फोन गेलेली माणसं आठवड्यात परत येतात, आणि जास्त खेळतात. म्हणून मर्यादा खाली आणू. बाईंचे फोन वाढतील. सरकार खूश, आपणही खूश."

टाळ्या झाल्या. तिच्या नावाचा केक कापला. मिरूजियानं तो खाल्ला, कारण सगळे बघत होते.

दुसऱ्या दिवशी नेमेसिओचं नाव लाल झालं.

"काका, एक खरं सांगा. तुम्ही कशासाठी खेळता?"

"जिंकलो तर तू फोन करत नाहीस."

मिरूजियानं त्याच क्षणी स्वतःच्या सहीनं त्याचं खातं जन्मभरासाठी बंद केलं. तेवढा अधिकार तिला होता, पण साहेबांना डावलून तो तिनं कधी वापरला नव्हता. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दर रविवारी मी घरून फोन करीन. पैसे लागणार नाहीत." ग्राहकाशी खासगी संबंध ठेवला तर नोकरी जाते, हे तिला पाठ होतं.

चार रविवार तिनं फोन केला. म्हातारा उखडलेला असायचा.

"लिहितेयस का?"

"आता कशाला लिहायचं, काका? आपण नुसतं बोलतोय."

"नुसतं तर शेजारीणही बोलते."

पाचव्या आठवड्यात रुडसेलनं तिला आत बोलावलं. नेमेसिओनं कंपनीकडे तक्रार केली होती. खातं उघडा, तुमची बाई घरून फोन करते, पण काही टिपून घेत नाही.

"मेज आजच रिकामं करा," रुडसेल म्हणाला.

"आणि त्यांचं खातं?"

"बंद म्हणजे बंद. तुमची सही आहे ना! पण आपली दुसरी साइट आहे, परवाना वेगळा. काल तिथं आले ते. नवी मुलगी बोलते. तुमचेच फोन ऐकवून तयार केलीय तिला, बरी बोलते."

मिरूजियानं सरकारी तपासनिसाला सगळं लिहून कळवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. दोन्ही साइटचे कागद तपासले. प्रत्येक फोन वेळेवर झालेला, पैशाचा उगम नोंदलेला. उणीव आढळली नाही.

तेव्हा ती सकाळच्या विमानानं बोनेरला गेली. म्हाताऱ्याच्या अंगणात निवडुंगाचं कुंपण तेवढं उभं होतं, आत एकही बकरी नव्हती. दार उघडून त्यानं तिला न्याहाळलं.

"मी मिरूजिया, काका."

"आवाजावरून ओळखलं. जाड आहेस की गं." तो दारातच उभा राहिला. "नंतर ये. माझा फोन यायचाय."

ती पायरीवर बसली. फोन वाजला. आतून त्याचा आवाज आला, अठरावं वर्ष, फावडं, भेगा, चरबी. मग तो म्हणाला, "या वेळचा पैसा? घर विकलं, पोरी. लिही. माझ्या बापानं बांधलेलं. दगड त्यानं कुठून आणले, ते आधी सांगतो."

मिरूजिया उठली. दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग मूठ आपटली. आत तो बोलतच राहिला. एकदाच मध्ये थांबून तिकडच्या पोरीला म्हणाला, "कुणी नाही. वारा आहे."

महिनाअखेर नव्या मालकानं कुलूप बदललं. नेमेसिओला मुलानं हॉलंडहून फोनवरच वृद्धाश्रमात जागा बघून दिली. तिथं भेटीला मिरूजिया दोनदा गेली. दोन्ही वेळा त्यानं तिला ओळख दिली नाही.