माकडटोपी, दोन दोरे आणि शेवटचा एक्का

जाहीर प्रकटन. तमाम लोकांस कळविण्यात येते की, गेल्या शतकाच्या अखेरीस सातारा मुक्कामी एका लोकरी माकडटोपीने एका प्रतिष्ठित घराण्यात तीस वर्षे दडवून ठेवलेले गुपित भरदिवसा, साक्षीदारांसमक्ष उघड केले. सदर टोपी सुस्थितीत असून कपाटाच्या वरच्या खणात आहे. घराण्याच्या प्रतिष्ठेचा शोध अद्याप चालू आहे.

घराणं आमचंच. टोपी माझ्या आत्यानं विणलेली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शाळेत शिवणकाम शिकवायची. लग्न केलं नाही, साताऱ्यात माझ्या आईवडिलांकडेच राहायची. एरवी मायाळू बाई, पण पत्ते हातात आले की दयामाया संपली. दर रविवारी दुपारी मेंढीकोट मांडला जाई. एका बाजूला आत्या आणि आई, दुसऱ्या बाजूला वडील आणि जो हाताला लागेल तो भिडू. मिसरूड फुटल्यावर तो भिडू मी झालो. या खेळात दश्श्या जिंकायच्या असतात. आमच्या दश्श्या आत्या अशा काही उचलून नेई, की वडिलांनी जागा बदलून पाहिली, पत्त्यांचे जोड बदलले, एकदा तर चटई अपशकुनी म्हणून शेजाऱ्यांना देऊन टाकली. हरायचे ते हरायचेच.

मग आत्याला संधिवात झाला. बोटं हळूहळू वाकली आणि वाकलेलीच राहिली. कढईची मूठ गेली, सुई गेली, शेवटी पत्तेही गेले. वडिलांनी तिच्यासाठी लाकडी फळीला खाचा पाडून त्यात पानं उभी करून पाहिली. पण पान टाकायला "डावीकडून तिसरं" असं कुणाला तरी सांगावं लागे आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे सगळे टक लावून बघत. दोन डावांत आत्या उठली.

"माझी पानं दुसऱ्यानं हाताळायची, तर मी कशाला बसू? माझा फोटो बसवा."

तेव्हापासून घरातला जोड तसाच दोऱ्यानं बांधलेला राहिला.

मी तेव्हा सांगलीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. क्लासमध्ये एक नवं मशीन आलं, आवाजाचं कार्ड बसवलेलं. सोबत एक गमतीचा प्रोग्रॅम होता. माइकमध्ये एक शब्द सात-आठ वेळा म्हणून शिकवला, की पुढं तो शब्द ऐकताच मशीन आपण ठरवून दिलेली कळ, अगदी माउसचीसुद्धा, आपणहून दाबायचं. भाषेची अट नव्हती. मी मराठीत शिकवून पाहिलं आणि मला पहिली आठवण आत्याची झाली. पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव तर प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असायचाच. माउसचं बटण दाबायचं काम आवाजानं होणार होतं. पण पडद्यावरचा बाण हलवायचा कशानं?

क्लासशेजारी माझ्या मित्राचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. माझं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यानं माउस खोलून ठेवला होता.

"गोळी टाक काढून. आत ह्या दोन चाक्या हायत, बघ. ही फिरली की बाण आडवा पळतोय, ही फिरली की उभा. त्या बोटानंच फिरवायच्या असं कुणी सांगितलंय? तुज्या आत्याची मान फिरती न्हवं?"

"लय फिरते. मी काहीही सुचवलं की नाही म्हणायला फिरते."

"मग झालं की गड्या."

क्लासच्या मालकांनी दिवाळीच्या सुट्टीपुरतं मशीन नेऊ दिलं, सोमवारी दुपारी परत आणायच्या बोलीवर. आम्ही दोघं एसटीनं निघालो. कॉम्प्युटरचा पडदा गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर, पेटी मित्राच्या पायांत. उंब्रजला कंडक्टर वाकून म्हणाला, "बाळ लय गुणाचं हाय वो, आवाज न्हाई."

"लाईट आली की बोलतंय," मित्र म्हणाला.

आत्यानं सगळा बेत ऐकला.

"माझ्या डोक्याला दोरे बांधणार? मी काय कळसूत्री बाहुली आहे?"

"आवं आत्या, बाहुलीला दुसरा नाचवतो. हितं तुमी नाचवायचं."

हे तिला पटलं असावं, कारण तिनं अट घातली. "सोमवारपर्यंत बघते. एक डाव, एकच, मी कुणाचा हात न लागता पुरा केला, तर पुढचं बोलू. नाही तर हे धूड सांगलीला परत, आणि या घरात पुन्हा पत्त्यांचं नाव काढायचं नाही."

तिच्या हातांनी शेवटची विणलेली वस्तू म्हणजे ती तपकिरी माकडटोपी. टोपीच्या कानापाशी एक दोरा टाचला, कपाळापाशी दुसरा. दोन्ही दोरे एका लाकडी चौकटीवरून माउसच्या चाक्यांना वेढा घालून पलीकडे रबरबँडला बांधले. मान वळली की दोरा ओढला जाई, सैल पडला की रबर मागं खेची. मित्रानं आणलेला दोरा आत्यानं नुसता बघूनच नापास केला. "हा लोंबेल. गोधडीचा घे आणि मेण लाव." बाण जो थरथरायचा तो मेण लावल्यावर थांबला. मित्र पुढं कित्येक दिवस ते गिऱ्हाइकांना सांगायचा.

शब्द दोनच शिकवले. "धर" म्हटलं की पान उचललं जाई आणि "सोड" म्हटलं की खाली पडे. वडिलांनी माइकशी जाऊन खर्जात "धर! सोड!" करून पाहिलं. मशीन ढिम्म.

"हे फक्त अक्काचंच ऐकतंय!"

"घरात एक तरी असं हवंच होतं," आत्या म्हणाली.

शनिवारी दुपारपर्यंत तिची मान सरावली. लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर अलगद जाऊन बसली तेव्हा तिनं आमच्याकडे असं पाहिलं, की मी पटकन चहा आणायला आत गेलो.

पण डाव काही पुरा होईना. सगळं सुरळीत चाललेलं असायचं आणि मध्येच बाण सुसाट वर उजव्या कोपऱ्यात पळायचा. तिथं खेळ बंद करायची फुली असते. आत्या भरात "धर, सोड" म्हणून मोकळी झालेली असायची आणि अख्खा डाव पडद्यावरून गुल. एकदा, दोनदा, सात वेळा. मित्रानं चाक्या पुसल्या, रबर बदललं, वायरींच्या सांध्यांना पुन्हा डाख दिले.

"वायरीत दोष न्हाई," तो घाम पुसत म्हणाला. "कायतरी दुसरंच हाय."

वडील मागं चिवडा खात बसले होते. ते पडदा बघत नव्हते, बहिणीला बघत होते.

"थांबा," ते म्हणाले. "राणी निघाली, बाण पळाला नाही. गुलाम निघाला, नाही पळाला. एक्का निघाला की पळतो. अक्का, एक्का दिसला की तुझी मान उजवीकडे वर जाते."

"कानातली कुडी टोचते."

"कुड्या तू तीन वर्षांपूर्वी काढून ठेवल्यास."

चिवड्याचा आवाज थांबला. वडील सावकाश आईकडे वळले. तीस वर्षं आत्याच्या समोर बसलेली, तिची एकमेव भिडू.

"मला काय विचारता?" आई उठलीच. "मला कसली खूण? मी आपली माझी पानं बघायची. माझी फोडणी जळतेय." गॅस पेटवलेला नव्हता.

वडिलांनी मोजायला सुरुवात केली. किती रविवार, किती दश्श्या, शिवाय ती निरपराध चटई. मित्र भिंतीकडे तोंड करून हसत होता. आत्या मात्र हसत नव्हती. तिनं पुन्हा डाव मांडला. पुन्हा एक्का, पुन्हा कोपरा. ती मान आवरू बघायची आणि मान आधीच जाऊन आलेली असायची. रविवारी संध्याकाळी तिनं मला टोपी काढायला सांगितलं.

"राहू दे रे. बोटं माझं ऐकत नाहीत, आता मानही ऐकेना. बांध उद्या सगळं."

मी दोरे सोडायला हात घातला, तेवढ्यात वडिलांनी तो दोऱ्यानं बांधलेला जुना जोड आणला आणि तिच्यासमोर मांडी घातली.

"अक्का, इकडं बघ." ते एकेक पान उलटून तिच्या डोळ्यांपुढं धरू लागले. तिर्री. नव्वी. एक्का. "हलली!" पुन्हा. राजा. पंजी. एक्का. "हलली! चोरटे!" जेवायची वेळ होईपर्यंत जन्मभर लुटला गेलेला माणूस लुटणारीला लबाडी न करायला शिकवत होता. पंचविसाव्या की तिसाव्या एक्क्याला मान हलली नाही. वडील नुसते पुढचं पान काढत राहिले.

सोमवारी दहाची गाडी होती. आठ वाजता आत्यानं टोपी मागितली. दोन डाव अडकले, पण सरळपणानं अडकले, पानं लागली नाहीत म्हणून. तिसरा हळूहळू उलगडत गेला. तीन एक्के वर गेले, मान जागची हलली नाही. चौथा कुठं तरी खाली दडलेला. आई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

आत्यानं पान उलटलं. किलवरचा एक्का. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली, बाण जागच्या जागी किंचित कापला आणि थांबला.

"धर," ती म्हणाली. बाण तिच्या मानेबरोबर सावकाश वर गेला. "सोड."

मग दुरी, तिर्री, चव्वी, झरझर सगळी पानं आपापल्या घरी गेली आणि शेवटचा राजा बसताच अख्खा जोड पडद्यावर उड्या मारत नाचायला लागला. कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. माकडटोपीतून आत्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला तिनं कुणालाही सांगितलं नाही.

आणि तेवढ्यात माझी आई, दोन दिवस देवाशपथ घेऊन काही ठाऊक नाही म्हणणारी माझी साधीभोळी आई, कणकेचे हात छातीशी धरून ओरडली, "बाई गं वन्सं, शेवटचा एक्का आला आणि तुम्ही मान वर केली नाहीत, मला वाटलं गेला आपला डाव!"