दहा लाख एक

लग्नाच्या मांडवात कुणी एक हजार एकाचा आहेर लिहायला लागला की फोडेसर त्याला अडवायचे. "एक हजार एक कायले देता? सातानं फुटते, अकरानं फुटते, तेरानंही फुटते. एकशे एक द्या, ते फुटत नाही." वरचा एक रुपया संसार फुटू नये म्हणून देतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. यात नवरदेवाचं चांगलंच नुकसान व्हायचं. तरी तुमसरात त्यांना बोलावल्याशिवाय कुणाचं लग्न होत नसे.

त्यांचं खरं आडनाव वेगळं. दिसेल ती संख्या ते फोडत, म्हणून आम्हा शाळेतल्या पोरांनी ते फोडे करून टाकलं. राइस मिलसमोर उभ्या ट्रकचा नंबरही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एखादा कशानंच भागला जात नाही असं दिसलं की ते खुशीत घरी जायचे आणि भाजी आणायची विसरायचे.

मी त्यांच्या वर्गातली सगळ्यांत सावकाश मुलगी. इतरांना उत्तर दिसायचं, मला एकेक पायरी उतरावी लागे. गणित शिकवायचं माझं स्वप्न होतं, पण दहावीत मी धसकाच घेतला आणि पुढे आर्ट्सला जाते असं घरी सांगून टाकलं.

त्याच सुमारास सरांनी फळ्यावर दहा लाख एक लिहिले. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्या, ही फुटत नाही, असं त्यांनी प्रत्येक वर्गात अभिमानानं सांगितलं. एवढ्या मोठ्या संख्येसाठी हजारापर्यंत जावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं, पण पाठ असलेल्या मूळ संख्या शंभराशी संपत आणि त्यांचा हातही तिथेच थांबे. कुठे थांबायचं हे मला मुळीच ठाऊक नव्हतं. मी पुढची एकशे एक घेतली. बाकी शून्य उरली.

मी वही सरांपुढे धरली. त्यांनी स्वतः भागून पाहिलं, नऊ हजार नऊशे एक आले. मग ते मला त्या प्रत्येक वर्गात घेऊन गेले आणि माझं चुकलं, हिनं फोडली, असं सांगत फिरले. परतताना व्हरांड्यात थांबले.

"तू आर्ट्सले जाऊन राहिली म्हणते. काहून?"

"मले लवकर येत नाही, सर."

"मले लवकर आलं, अन् चुकलं. तू हळू आहेस, पण थांबत नाहीस. गणिताले तेवढंच लागते, पोरी."

आज मी भंडाऱ्यात गणित शिकवते. हे सरांचं देणं आहे आणि ते कधी फिटावं असं मला वाटतही नाही.

निवृत्त झाल्यावर ते आंबागडला, आपल्या गावी राहत होते. गेल्या वर्षी ते वारल्याचा फोन आला, तेव्हा वर्गात एक मुलगी फळ्याशी भागाकार करत होती. सावकाश, एकेक अंक खाली उतरवत. माझे डोळे भरून आले होते, पण मी तिला बस म्हटलं नाही. तिचं उत्तर आलं, तिनं खडू ठेवला, मग मी आंबागडला निघाले.