वाईट सांगणाऱ्याचं ऐकणारा वैमानिक

मधुकर ढोले गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा पुण्यात लख्ख ऊन होतं. "बाबा झोपेतच गेले, काका," ती म्हणाली. माझ्या तोंडातून निघालं, "तिकडे आभाळ कसं आहे?" ती रडता रडताच हसली. कुणाचाही फोन आला तरी तिचे बाबा पहिल्यांदा हेच विचारायचे... त्याला आता दीड महिना झाला.

सत्तरच्या दशकात वर्ध्याबाहेरच्या मुरमाच्या धावपट्टीवरून आम्ही दोघं कपाशीवर औषध फवारणारी विमानं उडवायचो. मधुकर आर्वीकडच्या रोहण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी नवा, पुण्याहून आलेला, म्हणून त्यानं माझं नावच 'पुनेकर' करून टाकलं. पहिल्या सकाळी मी रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकला आणि विमानाकडे निघालो. त्यानं दंड धरून मला खाली बसवलं. "रेडिओ खोटा नाई बोलत. पण तो साऱ्या विदर्भाचं सांगते, अन् कालचं आभाय पाहून सांगते. तुले आर्वीले जायचं आहे, आता." मग त्यानं नागपूर विमानतळावरच्या हवामान कचेरीला ट्रंक कॉल लावला आणि त्यानंतर आर्वीच्या एका ओळखीच्या दुकानदाराला. त्याला पाऊस येईल का, असं तो विचारत नसे. "टेकडीचा माथा दिसून राह्यला का?" एवढंच. माथा दिसला, की ढग किती खाली आलेत ते आम्हाला कळायचं. तिघांचं जुळलं तर निघायचं. नाही जुळलं, तर तो म्हणे, "जो वाईट सांगते, त्याचंच धरायचं." इतक्या चौकशा करणारा वैमानिक मी आधी पाहिला नव्हता.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप आला. आर्वीच्याही पुढे, आष्टीजवळ कपाशी निंदायला गेलेल्या एका बाईला साप चावला होता, दवाखान्यातली सापावरची लस संपली होती आणि नाल्यांच्या पुरानं रस्ते तुटले होते. वर्ध्यात लस मिळाली, पण न्यायची कशी? आमच्याकडे दोन सीटचं एक जुनं विमान होतं. डॉक्टर धावपट्टीवर पेटी घेऊन उभे, आणि मधुकर फोनपाशी. रेडिओ म्हणत होता, संध्याकाळी तुरळक पाऊस. नागपूरचे अधिकारी म्हणाले, दुपारच्या आत वर्ध्यावर मोठं वादळ. आर्वीचा दुकानदार म्हणाला, माथा स्वच्छ दिसतोय.

"आता कुणाचं खरं?" मी विचारलं.

"तिघांचंही. आर्वीवाला आताचं सांगते, म्हणून जायला हरकत नाई. पण पाऊस पूर्वेकडून येऊन राह्यला, तं तो नागपूरले आपल्याआधी दिसते. वापस येतानी नागपूरचंच धरायचं." मग तो मेकॅनिककडे वळला. "टाकी काठोकाठ भर. अकोल्यापर्यंत पुरली पाहिजे."

अकोला पश्चिमेला, आमच्या वाटेवर कुठेच नाही. डॉक्टर चक्रावले, पण मधुकर तोवर पुढच्या सीटवर चढला होता. पेटीतल्या लसीच्या कुप्या भरपूर कापसात गुंडाळून गोणपाटात शिवलेल्या. ते गाठोडं मांडीवर घेऊन मी मागे बसलो. आर्वी मागे पडलं तेव्हा ऊन होतं. आष्टीत, वायरलेसवर ठरल्याप्रमाणे, शाळेच्या मैदानावर लोकांनी पांढरी धोतरं पसरून फुली केली होती. मधुकर विमान इतकं खाली घेऊन गेला, की मला वर वळलेली तोंडं दिसली. "टाक," तो ओरडला. मी काच सरकवून गाठोडं सोडलं. ते दोनदा उसळलं, थांबलं, आणि एकजण ते छातीशी धरून पळत सुटला. मी सीटवरच नाचायचा बाकी होतो.

वळलो तेव्हा पूर्वेला काही उरलंच नव्हतं. जमिनीपासून वरपर्यंत काळी भिंत, आणि वर्धा तिच्यामागे. भिंतीच्या एका कडेला मला फट दिसत होती. "तिथून निघू, मधुकर. दहा मिनिटांचं काम आहे."

"ते फट जातानी दिसते. आत गेल्यावर दिसत नाई," तो म्हणाला, आणि त्यानं विमान सरळ पश्चिमेला वळवलं.

तासाभरानं अकोल्याला चाकं टेकली, तेव्हा तिथं ऊन होतं. वर्ध्याला फोन लावला तर कळलं, आमच्या शेडचे पत्रे उडाले होते आणि वारा दाखवणारा खांब मुळापासून उखडला होता. आम्ही तिथं उतरलो असतो, नेमक्या त्याच वेळी. आणि दुसऱ्या दिवशी आष्टीहून निरोप आला: बाई वाचली.

संत्र्यांच्या दिवसांत ती नवऱ्याबरोबर टोपलंभर संत्री घेऊन धावपट्टीवर आली. विमानाला हात लावून पाहिला. "वरून मी दिसली का तुमाले?" तिनं विचारलं.

"नाई बाई," मधुकर म्हणाला. "खोटं काऊन बोलू? मी तं आभायच पाहून राह्यलो होतो." ती इतकी हसली, की नवराही हसायला लागला.

परवा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला मधुकरच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, चहा पुढच्या खोलीत न देता त्याच्या खोलीत आणला. घरातल्या सगळ्या खिडक्यांना पडदे. फक्त त्याच्या पश्चिमेच्या खिडकीला नाही. मुलीनं नवा शिवून आणला होता, तो पलंगावर घडी करून ठेवलेला.

"लावायचा राहिला का, वहिनी?" मी विचारलं.

"नाई, भाऊजी. आभाय दिसलं नाई, तं त्याइले झोप येत नसे," त्या म्हणाल्या, आणि पडदा उचलून कपाटात ठेवून आल्या.