फुली कुठून आली

"माहीत नाही" हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघत नसत. घरचे याला ताठा म्हणायचे, शाळेतले सहकारी व्यासंग म्हणायचे. दोघांत घरचेच बरोबर होते.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची मराठी शाळा होती. तिथे मी नोकरीची सगळी वर्षं गणित शिकवलं. तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं मी एखाद्या शब्दाचं मूळ सांगायचे. लंब म्हणजे लोंबणारा. गवंड्याचा ओळंबा त्याच कुळातला. त्रिज्या म्हणजे तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची ज्या, आणि ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. ज्यांना गणितात कधी पस्तीसच्या वर मिळाले नाहीत, ती मुलंसुद्धा तेवढी पाच मिनिटं कान टवकारून बसायची. त्यासाठी मी घरी जुनी पुस्तकं धुंडाळायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं फारसं नाही.

सातवीत एक मुलगी होती. हुशार, पण मिटून राहणारी. तिचे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर. गिरणी बंद पडली आणि ते शाळेजवळच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. त्या सोसायटीतली दोन मुलं तिच्याच वर्गात होती. ती दिसली की "ए, गेट उघड ना!" म्हणून चिडवायची. मी दोघांना दोनदा बाकावर उभं केलं होतं. काही उपयोग झाला नव्हता.

एके दिवशी तिने हात वर केला. "बाई, गुणाकाराला फुलीच का असते?"

मला माहीत नव्हतं. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "बाईंची वाट लागली." झालं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "फुली आली विणकरांकडून. कापडात चार उभे धागे आणि तीन आडवे धागे घेतले, तर ते किती ठिकाणी एकमेकांना छेदतात? बारा. प्रत्येक छेद म्हणजे एक फुली. आपले विणकर तशी खूण करायचे. आपलं कापड जहाजांतून विलायतेला गेलं, त्याच्याबरोबर ही खूणही गेली."

मुलांनी वहीत धागे काढून मोजले. खरंच बारा. मग एकेक मान तिच्याकडे वळली, आणि ती लाजेने नव्हे, अभिमानाने लाल झाली. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण मला माझ्याच थापेची धुंदी चढली होती. मी चिठ्ठी पाठवून तिच्या वडिलांना वर्गात बोलावलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. येताना गिरणीतलं घडीचं भिंग आणलं होतं, कापडातले धागे मोजायचं. टेबलावर पांढरं फडकं पसरून म्हणाले, "या रे पोरांनो, यातून बघा. उभे किती, आडवे किती ते सांगा." मुलं रांग लावून वाकली. ती दोन मुलंही. मुलांचे वीस धागे मोजून होईपर्यंत तिच्या वडिलांचा सगळा इंच मोजून व्हायचा. जाताना मला म्हणाले, "बाई, आमचं काम पुस्तकात आलंय हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." मी नुसती हसले. त्या दिवसापासून तिला कुणी चिडवलं नाही. इतकी गोड फळं धरलेली थाप मग मी दर वर्षी मारली, आणि दर वर्षी तिला थोडी पालवी फुटली.

मी निवृत्त झाले, मुलुंडला घरी बसले. पुढे मुलंच उरली नाहीत म्हणून शाळाही बंद झाली.

गेल्या दिवाळीनंतर त्या मुलीचा फोन आला. आता ती बोरिवलीच्या एका शाळेत गणित शिकवते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात तिने नमुन्याचा पाठ घेतला, आणि सुरुवात अर्थात फुलीपासून केली. तपासायला आलेल्या बाईंनी सगळ्यांसमोर अडवलं. ही खूण चारेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका पाद्र्याने पुस्तकात वापरली, म्हणाल्या. विणकरांचं तुम्ही कुठे वाचलंत? ती म्हणाली, आमच्या बाईंनी सांगितलंय. सगळं सभागृह हसलं.

"मी त्यांना म्हटलं, आमच्या बाई वाचल्याशिवाय बोलत नाहीत," ती फोनवर म्हणाली. "बाई, पुस्तकाचं नाव तेवढं सांगा ना."

तेव्हा तरी सांगायचं. एवढं वय झालं, आता कुणाची वाट लागणार होती? पण मी म्हणाले, "जुनं पुस्तक होतं गं, शाळेच्या लायब्ररीतलं. नाव आता आठवत नाही." शाळा बंद, पुस्तकं कुठे गेली देव जाणे. वेळ मारून नेली म्हणून मी निश्चिंत झाले. पहिल्या थापेने निदान एका मुलीचं भलं झालं होतं. ही दुसरी निव्वळ माझ्यासाठी होती, आणि तिची मला आजही शरम वाटते.

महिन्याभराने ती घरी आली. हातांवर पुरळ उठलं होतं. बंद शाळेची किल्ली कुणाकडे असते ते शोधून काढून तिने दोन रविवार तिथली गोणींत भरलेली पुस्तकं उपसली होती. धुळीने अंगावर पुरळ उठलं, पण पुस्तक सापडलं नव्हतं. "बाबा जाईपर्यंत सगळ्यांना सांगायचे, आमचं काम पुस्तकात आलंय," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघावं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. पुस्तक नव्हतं. कधीच नव्हतं.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त विचारलं, "मग बाबांना वर्गात का बोलावलंत?"

तेव्हा वर्गात काय म्हणायला हवं होतं, ते आता रोज सुचतं. फुली कुठून आली ते मला माहीत नाही, पण गुणाकार कापडात दिसतो, चल, तुझ्या वडिलांना दाखवायला बोलावू, एवढंच म्हणायचं होतं. भिंग तेच, फडकं तेच. ते तरीही इस्त्रीचा शर्ट घालूनच आले असते. खरं पुरेसं होतं, आणि मला ते कमी वाटलं.

तिने पिशवीतून सातवीची वही काढली. माझी सगळी पाच मिनिटं तिने तारीखवार उतरवून ठेवली होती. "मी हे मुलांना सांगते, बाई. तेव्हा आता नीट सांगा. लंब?"

"खरं."

"त्रिज्या?"

"खरं. शपथ."

शपथ ऐकून तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पूर्वी तिला माझी शपथ लागत नव्हती. मग तिने पान उलटलं. "कर्ण म्हणजे कान. चौकोनी रुमालाची टोकं म्हणजे त्याचे कान. या कानापासून त्या कानापर्यंत जाणारी रेघ ती कर्ण."

"खरं" म्हणायला मी तोंड उघडलं. रुमाल. पुन्हा कापडच. हे मी कुठे वाचलं होतं, की तिच्या वडिलांचं भिंग बघून मला सुचलं होतं? खूप आठवून पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने पेनचं टोपण लावलं, वही मिटली. "राहू द्या बाई," ती म्हणाली, आणि पुढची पानं तिने मला विचारली नाहीत.